वहीत न लिहिलेलं वाक्य

मंजुबेन, हे मी तुम्हाला मराठीत लिहितेय. रागावू नका. बारा वर्षं मी तुमच्याशी गुजरातीत बोलले, आणि तेही असलं गुजराती की हसू दाबताना तुमचे गाल फुगायचे ते मला सरळ दिसायचं. आता तुम्ही मध्येच थांबवून चूक सुधारणार नाही, तेव्हा एकदा माझ्या भाषेत सगळं बोलून घेते. तुम्हाला मराठी कळायची, मला ठाऊक आहे. बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला ती कळल्याशिवाय राहते का? फक्त बोलायला लाजायचात.

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलताहेत. किती घरं उभी केलीत, किती आयांना धीर दिलात. सगळं खरं आहे. पण मला त्यात एक भर घालायची आहे, आणि ती काही फुलं वाहण्यासारखी गोष्ट नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले होते, मंजुबेन. एकदा नाही, कितीतरी शनिवार.

पहिला शनिवार तुम्हाला आठवत असेल. मीनू चार वर्षांची होती. हाक मारली तर बघायची नाही, 'आई' म्हणायची नाही, दिवसभर फरशीवर डब्यांची झाकणं गरगर फिरवत बसायची. शेजारच्या बेन म्हणायच्या, 'मोडी बोलशे, चिंता ना करो.' उशिरा बोलेल, काळजी करू नका. मग एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ऑटिझम' असं लिहून दिलं. मी ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बेन, ही गोळी नाही. मीनूच्या बाबांनी कोयलीला रिफायनरीत चौकशी केली, तेव्हा त्यांच्या शिफ्टमधल्या एकाने सांगितलं, घडियाळी पोळात बालमंदिरातल्या एक बाई आहेत, अशा मुलांसाठी शनिवारी दुपारी वर्ग घेतात.

मी मनात पक्कं ठरवून आले होते. मुलीला तुमच्या ताब्यात द्यायचं आणि दोन तास लहरीपुऱ्यात ब्लाउजपीस बघत हिंडायचं. चार वर्षांत दोन तास माझे असे मिळाले नव्हते. तुमचा तो उभा जिना चढून आले, मीनूला खाली ठेवलं, पर्स सावरली, आणि तुम्ही म्हणालात, 'थैली नीचे मूक. अहीं छोकरां भणवा नथी आवतां. मा-बाप भणवा आवे छे.' पिशवी खाली ठेव, इथे मुलं नाही, आईबाप शिकायला येतात. म्हटलं, बाई गं! ही बाई मलाच पहिलीत बसवणार.

आणि बसवलंत. वही आणायला लावलीत. दर आठवड्याला तीन गोष्टी लिहायच्या: मूल कशाने हसलं, कशाने चिडलं, नवीन काय केलं किंवा म्हणालं. बाकी रडगाणं लिहायचं नाही. महिन्यातून एक शनिवार बापांनी यायचंच, शिफ्ट असो की नसो. मीनूचे बाबा सकाळच्या शिफ्टवरून थेट आले होते, अंगावर निळा युनिफॉर्म तसाच. तुम्ही त्यांना म्हणालात, झोपा. अहो, तो माणूस माझ्या माहेरी कधी सतरंजीवर मांडी घालून बसला नव्हता. तो तुमच्या फरशीवर आडवा झाला आणि दहा मिनिटं मुलीबरोबर झाकण फिरवत राहिला. अकराव्या मिनिटाला मीनूने स्वतःचं झाकण त्यांच्याकडे सरकवलं. घरी जाताना स्कूटर कोठीजवळ सिग्नलला थांबली तर त्यांचा चष्मा ओला होता. त्या एका झाकणासाठी मी तुम्हाला जन्मभर नमस्कार करीन.

मग तो हिंचका. तुमच्या माडीवरच्या खोलीत दुसरं होतं काय? एक हिंचका, एक माठ, वह्यांचं कपाट, भिंतीला लावलेल्या चटया. ती खोली तुमच्या धाकट्या भावाची होती हे मला फार उशिरा कळलं. तो कधी बोलला नाही, आणि घरच्यांनी त्याला पाहुण्यांपासून लपवत तिथेच वाढवला. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, शेंगा सोलता सोलता, आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाहीत.

हिंचक्याचं तुमचं तंत्र अगदी साधं. मुलाला बसवायचं, झोके द्यायचे, चांगली मजा यायला लागली की हिंचका हाताने धरून थांबवायचा. मग काही बोलायचं नाही, सुचवायचं नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि वाट बघायची. मुलाने बघितलं, हात हलवला, काहीही केलं, की लगेच झोका. मी विचारलं होतं, दहा झाले आणि काहीच केलं नाही तर? तुम्ही म्हणालात, 'तो फरी गण.' मग पुन्हा मोज. मी म्हटलं, आणि परत नाही केलं तर? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मुकाट्याने मोजायला लागले.

एवढ्यावर थांबला असतात तर आपलं कधी भांडणच झालं नसतं. पण तुम्ही म्हणालात, 'घेर एक ज भाषा.' घरी एकच भाषा, आणि ती गुजराती. बाहेर सगळे तीच बोलतात, शाळेतही तीच असेल, ज्या मुलीला एक भाषा जड जातेय तिच्या डोक्यावर दुसरी कशाला? मोठे डॉक्टरही तेव्हा हेच सांगायचे. मला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

माझं गुजराती म्हणजे भाजीबाजाराचं. लग्न होऊन कराडहून आले तेव्हा 'केटलानुं' आणि 'ओछुं करो ने' एवढ्या भांडवलावर संसार सुरू केला होता. भाव विचारायचा आणि कमी करा म्हणायचं, संपलं. त्या भाषेत मी लेकीला जवळ घ्यायचं? तिला ताप आला की काय म्हणायचं, घासाघीस करायची? मी तुमच्याशी वाद घातला. विचारलं, 'आई' ही हाक तरी मराठीत शिकवू की नको? तुम्ही म्हणालात, मम्मी शिकव, सगळीकडे चालतं. मंजुबेन, मीनू आज सोळा वर्षांची आहे आणि मला मम्मीच म्हणते. एवढं एक तुम्ही माझ्याकडून घेतलंत, आणि ते मी अजून विसरलेले नाही. आज खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते.

तरी मी ऐकलं. घरात मराठी बंद. आम्ही नवराबायको एकमेकांशी गुजरातीत बोलायचो आणि दोघांनाही हसू यायचं, मग नंतर नंतर ते यायचं थांबलं. आठ महिन्यांनी तुमच्या हिंचक्यावर मीनू म्हणाली, 'फली.' फरी. पुन्हा. तिच्या आयुष्यातला पहिला शब्द. तुम्ही डोळ्यांना पदर लावलात, मी तर हुंदके देत होते, आणि त्यातच खुपत होतं की हा शब्द माझ्या घरातला नाही. किती कृतघ्न बाई मी, नाही का? पण झालं होतं तसं.

आता मुद्द्याचं. रविवारी सकाळी मी मीनूच्या केसांना तेल लावायचे. केस दाट, कुरळे, गुंता असा की कंगवा अडकलाच पाहिजे. ती रडायची, हात झटकायची. आणि त्या वेळी माझी जीभ ऐकायची नाही. 'थांब गं माझी बाय, एवढी एकच बट राहिली, झालं, झालं, आता नाही हं दुखणार.' पहिल्यांदा तोंडातून गेलं तेव्हा मी दचकून दाराकडे बघितलं होतं, जसं काही तुम्ही उंबऱ्यात उभ्या आहात. मग म्हटलं, आठवड्यातून अर्धा तास, कुणाला कळतंय. तो अर्धा तास माझा झाला. तेलाची वाटी घेतली की मी मराठी. कराडची घाटावरची चिंच, माझ्या आईचं दुखणं, नवऱ्याच्या तक्रारी, सगळं मी त्या पोरीच्या डोक्याशी बोलायचे. ती ऐकतेय असं मला कधी वाटलं नाही, खरंच नाही.

ती सहा वर्षांची असताना माझं बोट कपाटाच्या दारात सापडलं. मी ओरडले आणि खाली बसले. मीनू आतल्या खोलीतून आली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'आता नाही हं दुखणार.'

आख्खं वाक्य. माझ्याच सुरात, त्या 'हं'वर तसाच जोर देऊन. तोवर तिच्याकडे सगळे मिळून दहा-पंधरा सुटे शब्द होते. मी बोट विसरले, त्या फरशीवर बसून राहिले.

हे मी वहीत लिहायला हवं होतं. तुम्हीच शिकवलं होतंत, मूल ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणतं तेव्हा ती बडबड समजू नका, ते वाक्य त्याने कुठून उचललं ते शोधा, कारण त्यातून त्याला काहीतरी सांगायचं असतं. तुम्ही तर उड्या मारल्या असत्यात. पण त्या आठवड्यात मी लिहिलं, 'नवीन शब्द: बारी, पाणी.' खिडकी आणि पाणी, बस. कारण आदल्याच शनिवारी नवीन आलेल्या शिर्केवहिनींना तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होतात, 'सुनंदाबेनने जुओ.' सुनंदाबेनकडे बघा, घरात मराठी पूर्ण बंद केली, मुलगी कशी बोलायला लागली! सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. उभ्या आयुष्यात मी कशाचं उदाहरण झाले नव्हते हो. बरं वाटलं मला.

त्याच शनिवारी उतरताना जिन्यावर शिर्केवहिनींनी मला थांबवलं. त्यांचा विक्रांत खांद्यावर झोपलेला. म्हणाल्या, 'खरंच बंद केलीत मराठी? अगदी सगळी? आमच्याकडे मामंजी आहेत, त्यांना हे पटणं कठीण आहे.'

मी म्हटलं, 'हो. अगदी सगळी.'

बस, एवढंच. पण त्याचं काय झालं ते तुम्ही आणि मी दोघींनी पाहिलं. शिर्के म्हणजे जुनं बडोदेकर घर, पूर्वज संस्थानच्या फौजेत, आणि मामंजींचा थाट अजून तोच. संध्याकाळी बुटांना पॉलिश करता करता ते विक्रांतला शेजारी घेऊन तास तास बोलायचे. गुजराती त्यांना तुमच्याइतकं येत होतं. पण सुनेने नियम सांगितला तेव्हा म्हणाले, 'बाजारात बोलेन, कचेरीत बोलेन, मांडीवरच्या पोराशी परक्या भाषेत बोलणार नाही.' आणि ते नातवाशी बोलायचेच थांबले. मीनूचं उदाहरण नसतं तर वहिनी नियमाला इतक्या चिकटून राहिल्या नसत्या, हे त्यांनीच मला नंतर कौतुकाने सांगितलं. कौतुकाने! तीन वर्षांनी मामंजी गेले. शेवटपर्यंत त्या दोघांचं बोलणं झालं नाही. विक्रांत आज पंधराचा आहे, आणि त्याच्याकडे अजून मोजकेच शब्द आहेत. माझ्या एका 'हो'मुळेच हे झालं असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण ती संध्याकाळची गप्पांची वेळ मी त्या पोराकडून काढून घेतली. तुम्ही एकट्यांनी नाही.

आणि मग मागच्या दिवाळीनंतर तुम्ही आमच्या टाउनशिपमध्ये आलात. पहिल्यांदाच. गुडघे धरून रिक्षातून उतरलात, हातात लिल्या, ओलसर चिवड्याचं पाकीट. तुम्ही कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होतात, आणि तिथे ऐकलं होतंत की दोन भाषांनी असं मूल बिघडत नाही, उलट आईने ज्या भाषेत तिला माया करता येते तीच बोलावी. या वयात तुम्ही घरोघर जाऊन हे सांगत होतात. किती जणांनी केलं असतं हे? चूक कळली की लोक गप्प बसतात, फार तर पुढच्या लोकांना नवीन नियम सांगतात. तुम्ही सोफ्याच्या कडेला बसलात आणि म्हणालात, 'में तारी भाषा लई लीधी, सुनंदा.' मी तुझी भाषा घेतली. मने माफ करजे.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, छे हो, तुम्ही मागितलीत पण मी दिली कुठे? चोरून ठेवली मी थोडी. मीनूला हाक मारून ते वाक्य तुम्हाला ऐकवायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, 'दूध उतू जातंय,' आणि स्वयंपाकघरात निघून गेले. दूध गॅसवर नव्हतंच. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटत होतं मी तुमच्यावर रागावलेय, त्या मम्मीवरून. रागावलेही होते. पण खरं कारण भीती होती. तुम्हाला सांगितलं की शिर्केवहिनींना कळणार. म्हणून मी तुम्हाला सगळा दोष घेऊन जाऊ दिलं. तुम्ही चहा अर्धा प्यायलात, चिवडा टीपॉयवर ठेवलात, 'आवजो' म्हणालात. जाताना तुमची पाठ किती वाकली होती.

पुढे सांगू म्हटलं. संक्रांतीला सांगू, मीनूच्या वाढदिवसाला सांगू. मग तुमचं आजारपण निघालं, आणि दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी तुम्हाला हवापाण्याच्या गोष्टी सांगितल्या.

तुमच्या दुखवट्याच्या बेसण्याला मीनूला नेऊ नका असं सगळे म्हणाले. गर्दी, रडारड, तिला झेपणार नाही. मी नेलं. पांढऱ्या चादरींवर सगळे बसले होते, तुमचा हार घातलेला फोटो, अगरबत्ती. मीनूने आधी कान झाकून घेतले. मग तिला तुमची सून दिसली, भिंतीशी, केस सुटलेले, ढसाढसा रडत होती. मीनू माणसं ओलांडत सरळ तिच्यापाशी गेली, तिच्या केसांवर हात ठेवला, आणि म्हणाली, 'झालं, झालं. आता नाही हं दुखणार.'

तुमची सून तिचा हात धरून रडत राहिली. शिर्केवहिनी माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी हळू माझ्याकडे मान वळवली. म्हणाल्या, 'ही मराठी हिला कुठून आली?'

मी तिथेच सांगितलं. तेलाची वाटी, बोट, वही, जिना. तुमच्या फोटोसमोर, दबक्या आवाजात. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'मला तेव्हा जिन्यावर सांगायचं होतंत हो.' आवाज चढवला नाही. उठल्या, फोटोला हात जोडले, चपला घालून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. काय म्हणून जाणार?

या शनिवारी वर्ग नव्हता, पण तुमच्या आजारपणापासून किल्ली माझ्याकडेच होती, म्हणून मी आणि मीनू माडीवर गेलो. माठ धुऊन भरला. माझी ती जुनी वही कपाटात होती. 'बारी, पाणी'च्या खाली थोडी जागा होती, तिथे लिहिलं, 'मीनू म्हणाली: आता नाही हं दुखणार.' दहा वर्षं उशिरा. मीनूने वाचलं, आणि नेहमीप्रमाणे वही झाकून तिच्या जागी ठेवली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शिर्केवहिनी. मागे विक्रांत, त्यांच्यापेक्षा डोकंभर उंच. वहिनी दारात उभ्या राहिल्या. नेहमी 'केम छो' म्हणत आत यायच्या, त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलाव्यात, मी ऐकून घेईन. त्या म्हणाल्या, 'याला मराठीतलं काही आठवत असेल का हो?'

मी म्हटलं, 'माहीत नाही.' खरंच माहीत नव्हतं, आणि त्या घरात मला पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

विक्रांत आपण होऊन हिंचक्यावर जाऊन बसला. एवढा मोठा मुलगा, पाय जमिनीला लागत होते, ते त्याने वर उचलून घेतले. मी झोके दिले. तो हसायला लागला. मग मी हिंचका धरला. वहिनी पुढे वाकून म्हणाल्या, 'पुन्हा हवं का रे? विकू, पुन्हा?' मी बोट ओठांवर ठेवलं. त्या गप्प झाल्या. मीनू माठाजवळ बसून बघत होती. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन, मराठीत, आणि वहिनींचेही ओठ हलत होते.

विक्रांत आमच्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

'झाले दहा,' वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, 'मग पुन्हा मोजा.'